उघडें उदर, पूययुक्त व्रण आणि शोषणोपचार: साम्य व परंपरा यांचा विचार

प्राचीन ग्रंथांत एखाद्या अर्वाचीन कृतीची छाया दिसली म्हणजे संशोधकापुढें दोन मोह उभे राहतात. ती कृति आपल्या पूर्वाचार्यांस जशीच्या तशी अवगत होती असें ठासून सांगावें, हा पहिला. आणि नुसतें साम्य म्हणजे पुरावा नव्हे असें म्हणून पोथी मिटून ठेवावी, हा दुसरा. पहिल्यानें इतिहासाचें पुराण होतें. दुसऱ्यानें पोथींतील खरा मजकूर वाचावयाचाच राहून जातो. पोटाची जखम उघडी राहून तींत पू झाला असतां, ती घट्ट आच्छादनाखालीं ठेवून सतत शोषणानें बरी करण्याची जी रीत गेल्या तीस-चाळीस वर्षांत शस्त्रवैद्यांत रूढ झाली आहे, तिच्या पूर्वेतिहासाविषयीं हे दोन्ही मोह संभवतात. कारण शोषण सुश्रुतांत आहे, उघडें उदरही सुश्रुतांत आहे. इतकेंच नव्हे, तर शोषणाचें एक साधन 'तुंबडी' या नांवानें मराठी भाषेंत आजही जिवंत आहे. तेव्हां या उपचाराचा कोणता भाग परंपरेनें आला, कोणता केवळ सारखा दिसतो व कोणता सर्वस्वी नवा आहे, याची छाननी करणें जरूर आहे. ती या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

(१) प्रस्तुत उपचाराचें स्वरूप

तुलना करावयाची तर प्रथम वस्तु नीट पाहिली पाहिजे. पोटाची भिंत उघडी आहे, आंत आंतडीं दिसत आहेत आणि त्या पोकळींत पू आहे, अशा रोग्याची कल्पना करावी. ही अवस्था कधीं शिवण उसवून येते. पुष्कळदां मात्र शस्त्रवैद्यच ती बुद्धिपुरस्सर ठेवतो. पोकळी पुन्हां पुन्हां धुवावी लागणार असेल, आंतडीं इतकीं सुजलीं असतील कीं तीं दाबून वर शिवण घातल्यास पोटांतील दाब वाढून मूत्रपिंडें व फुप्फुसें निकामी व्हावीं, किंवा रोगी इतका क्षीण असेल कीं सर्व शस्त्रक्रिया एका बैठकींत उरकणें त्याच्या जिवावर बेतावें, अशा प्रसंगीं पोट उघडें ठेवतात.

अशा रोग्याचा पहिला उपचार शोषण हा नव्हे. फुटलेलें आंतडें शिवणें, कापून काढणें किंवा त्याचें तोंड पोटाबाहेर आणणें, मेलेलें मांस कापून टाकणें, पोकळी धुणें व शिरेवाटे जंतुनाशक औषधें देणें, हीं कामें आधीं. पुवाचा उगम तसाच ठेवून वर यंत्र लावणें म्हणजे गळक्या घागरीखालीं फडकें अंथरणें होय. उगम बंद केल्यावर आंतड्यांवर न चिकटणारा, बारीक भोंकें पाडलेला प्लॅस्टिकचा पातळ पडदा घालतात. हा पडदा जखमेच्या कडेशीं थांबत नाहीं; पोटाच्या भिंतीच्या आंतल्या अंगानें तो दोन्ही कुशींकडे दूरवर सरकवितात. त्यावर सच्छिद्र स्पंज अथवा ओलीं फडकीं, त्यावर सभोंवारच्या त्वचेस घट्ट चिकटणारा पारदर्शक पापुद्रा, आणि पापुद्र्यांतून बाहेर काढलेली नळी शोषणयंत्रास जोडलेली, अशी एकंदर रचना असते. यंत्र सुरू होतांच स्पंज आकसतो, द्रव नळीवाटे निघून जातो आणि जखमेच्या कडा एकमेकींकडे ओढल्या जातात. दर दोन-तीन दिवसांनीं हें सर्व काढून, पोकळी धुऊन, नव्यानें बसवितात व शक्य तितक्या लवकर पोट बंद करतात. फार दिवस गेले तर आंतडीं एकमेकांस व भिंतीस चिकटून बसतात, आणि मग बंद करावयास कांहीं सैल असें उरतच नाहीं.

येथें 'ऋणदाब' या शब्दाविषयीं एक खुलासा अवश्य आहे. हा दाब शून्याहून कमी नसतो. तो बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी असतो, इतकेंच. समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारें ७६० मिलिमीटर पारा असतो. या उपचारांत त्यांतून नेहमीं १२५ मिलिमीटर, म्हणजे सुमारें एक षष्ठांश, कमी करतात. तेव्हां यास 'निर्वात' उपचार म्हणणें अयुक्त होय. तुंबडींतील हवाही नाहींशी होत नाहीं. ती विरळ होते.

(२) संहितेंतील शोषण

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील तेराव्या, म्हणजे जलौकावचारणीय, अध्यायांत रक्तावसेचनाचीं तीन साधनें सांगितलीं आहेत. वातदुष्ट रक्तास शृंग, पित्तदुष्टास जळू व कफदुष्टास अलाबु. त्वचेवर आधीं बारीक छेद घ्यावयाचे. मग पातळ बस्तीचा पापुद्रा बांधलेल्या शिंगानें तोंडानें चोखून, किंवा आंत दिवा ठेवलेल्या भोपळ्यानें, रक्त ओढावयाचें. दिव्यानें आंतील हवा तापून प्रसरण पावते. पुढें ती निवतांच दाब उतरतो व त्वचा वर ओढली जाते. वाग्भटानें अष्टांगहृदयांत या साधनांचीं मापें दिलीं आहेत. शिंगाची लांबी अठरा अंगुळें, तोंड तीन अंगुळें, आणि टोंकाचें छिद्र मोहरीएवढें, स्तनाग्रासारखें बांधलेलें. भोपळा बारा अंगुळें उंच, अठरा अंगुळें घेराचा, व त्याचें तोंड तीन-चार अंगुळें. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं संपादिलेली अष्टांगहृदयाची आवृत्ति मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांत १८८० सालीं निघाली. तींत अरुणदत्ताच्या टीकेसह हा भाग महाराष्ट्रांतील वैद्यांच्या हातीं छापील रूपांत आला.

शिवाय सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायांत एकशें एक यंत्रें मोजतांना वीस नाडीयंत्रें सांगितलीं आहेत. त्यांचीं प्रयोजनें चार: स्रोतसांत अडकलेलें शल्य काढणें, आंतील रोग पाहणें, चोखून घेणें व इतर क्रिया सुकर करणें. म्हणजे 'आचूषण' हें पोकळ नळीचें एक मान्य कार्य होतें. अलाबु याच फळाला तुंबी असेंही नांव आहे, व त्यावरूनच मराठींत तुंबडी झाली. गांवोगांव फिरणारे वैदू तुंबडी लावीत, आणि दुसऱ्याचें शोषण करून स्वतःचें घर भरणाऱ्यास 'तुंबडी भरणारा' म्हणण्याचा प्रघात अजून आहे. साधन मागें पडलें तरी त्याची क्रिया भाषेनें अशी जतन केली आहे.

एवढ्यावरून मात्र आजच्या यंत्राचें मूळ येथें आहे असें ठरत नाहीं. शृंग व अलाबु यांचें लक्ष्य दुष्ट रक्त आहे. स्थान छेद घेतलेली त्वचा आहे. काल थोडका आहे. दिवसचे दिवस जखमेवर राहून तिचा स्राव ओढणें व मांसांकुर वाढविणें हें त्यांचें काम नव्हे. आणि उघड्या पोटावर शिंग किंवा तुंबडी लावावी असें संहिता म्हणत नाहीं. उघड्या पोटाविषयीं ती जें म्हणते तें निराळेंच आहे, व आमच्या मतें अधिक महत्त्वाचें आहे.

(३) संहितेंतील उघडें उदर

चिकित्सास्थानाचा दुसरा अध्याय सद्योव्रणांचा, म्हणजे ताज्या जखमांचा. पोट फाटून आंतडें बाहेर आलें असतां काय करावें, याचा तेथें क्रमवार विधि आहे. गवत, रक्त, धूळ यांनीं माखलेलें आंतडें दुधानें धुवावें, तुपानें माखावें, वैद्यानें आपलीं नखें काढावीं, आणि मग तें हळूहळू आंत घालावें. वाळलेलें आंतडें दुधानें भिजवून व तुपानें ओथंबवून घालावें. आंत जाईना तर रोग्याच्या घशास बोटानें स्पर्श करावा, किंवा त्याच्यावर पाणी उडवून त्यास दचकवावें. जखमेचें तोंड लहान असेल किंवा बाहेर आलेला भाग फार असेल, तर तोंड प्रमाणांत वाढवून आंतडें आंत घालावें. स्वस्थानीं बसल्यावर आळस न करितां जखम शिवावी. नखें काढण्याचा एक शब्द वाचून हा विधि हातानें काम करणाऱ्यानें लिहिला आहे याविषयीं संशय राहत नाहीं.

याच ठिकाणीं एक पाठ संशोधकांनीं ध्यानांत घेण्याजोगा आहे. न फुटलेलें आंतडेंच आंत घालावें, अन्यथा नव्हे, असें प्रथम सांगून, मुंग्यांच्या डोक्यांनीं पकडलेलें आंतडेंही घालावें असें 'कांहीं जण' म्हणतात, अशी पुस्ती ग्रंथकारानें जोडली आहे. पुढें चौदाव्या अध्यायांत उदररोगांचा विचार करतांना मात्र हीच कृति स्वमत म्हणून येते: परिस्रावी उदरांत पोट चिरून, आंतडें बाहेर काढून, शल्य काढल्यावर छिद्राच्या कडा काळ्या मुंग्यांकडून चावून घ्याव्या, मुंग्यांचीं धडें तोडून डोकीं तशींच ठेवावीं, आणि मग पोट शिवावें. एका अध्यायांत परमत व दुसऱ्यांत स्वमत, हा भेद संहितेच्या थरांचा निदर्शक असूं शकतो. 'सुश्रुत आंतडें मुंग्यांनीं शिवीत असे' असें सरसकट लिहिणाऱ्यांनीं हा भेद गिळून टाकला आहे. डल्हणाच्या टीकेसह यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं संपादिलेली निर्णयसागराची १९३८ ची आवृत्ति सर्वांपाशीं असते. परंतु डल्हण बाराव्या शतकांतला. काठमांडूच्या कैसर ग्रंथालयांतील ताडपत्री पोथी इ. स. ८७८ ची, म्हणजे त्याच्या सुमारें तीनशें वर्षें आधींची. अशा ठिकाणीं टीकाकारापूर्वींच्या पोथ्यांशीं पाठ ताडून पाहणें हेंच पहिलें काम होय.

त्याच चौदाव्या अध्यायांत जलोदराचें पाणी काढण्याचा विधि आहे. व्रीहिमुख शस्त्रानें वेध करून, त्यांत कथलादि धातूची दुतोंडी नळी किंवा पिसाची नळी घालून पाणी काढावें. पण एकदम सर्व काढूं नये, कारण त्यानें तहान, ज्वर, श्वास इत्यादि उपद्रव होतात. कांहीं दिवसांच्या अंतरानें थोडें थोडें काढावें, आणि काढल्यावर पोट लोंकरी वस्त्रानें, रेशमी वस्त्रानें किंवा चामड्यानें घट्ट बांधावें, म्हणजे वायूनें तें फुगणार नाहीं. पोटाच्या आंतील दाब एकाएकीं उतरणें घातुक आहे हें निरीक्षण येथें स्पष्ट आहे. त्याचें कारण त्या काळच्या भाषेंत वायु; पण निरीक्षण खरें आहे.

यावरून एक गोष्ट निश्चित होते. शोषणाचें साधन, नळी, आंतड्याचें रक्षण व पोटाचें बंधन, या चारही वस्तु संहितेंत आहेत; पण त्या निरनिराळ्या रोगांसाठीं, निरनिराळ्या अध्यायांत आहेत. आणि उघड्या पोटासंबंधीं संहितेचें धोरण एकच आहे: आंत घाला व शिवा. पोट मुद्दाम उघडें ठेवण्याची कल्पना तेथें नाहीं.

(४) रोमन साक्ष

पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार सेल्सस याचा वैद्यकग्रंथ १४७८ सालीं फ्लॉरेन्स येथें छापला गेला. त्याच्या सातव्या भागांत हाच प्रसंग आहे. आंतडें काळवंडलें असेल तर उपाय नाहीं; त्याचा रंग कायम असेल तर त्वरा करावी, कारण बाहेरची हवा लागून तें लवकर बिघडतें. रोग्यास उताणा निजवून कंबर उंच करावी. तोंड अरुंद असेल तर वाढवावें. आंतडें सुकलें असेल तर किंचित् तेल घातलेल्या पाण्यानें भिजवावें. मग आंत घालून शिवावें. याच सेल्ससनें अन्यत्र कांशाच्या व शिंगाच्या तुंबड्या वर्णिल्या आहेत. त्यानेंही या दोहोंची गांठ घातलेली नाहीं.

दूध व तूप एकीकडे, पाणी व तेल दुसरीकडे. तोंड वाढविणें दोहोंकडे. हें साम्य पाहून कोणी एकानें दुसऱ्यापासून घेतलें असें म्हणण्याचा मोह होईल. पण उघडें आंतडें सुकतें, सुकलें कीं मरतें, हें रणांगणावर कोणासही दिसणारें आहे. समान संकटांतून समान उपाय निघतो. आदानाचा पुरावा म्हणून दाखवावयाचा तो निसर्गानें न सुचविलेला, केवळ एका परंपरेंतच संभवणारा, विचित्र तपशील असावा लागतो. तसा येथें नाहीं.

(५) तोंड, पिचकारी व पेला

युरोपांतील सैन्यांत जखमा तोंडानें चोखून साफ करणारे लोक असत. डोमिनिक आनेल या फ्रेंच शस्त्रवैद्यानें १७०७ सालीं ॲम्स्टरडॅम येथें एक छोटें पुस्तक छापलें. मनुष्याच्या तोंडाचा उपयोग न करितां जखमा चोखण्याची कला, असा त्याच्या नांवाचा अर्थ. त्यानें निरनिराळ्या आकारांचीं टोंकें बसविलेली पिचकारी वापरली. शोषणाचें लक्ष्य दूषित रक्तावरून जखमेंत साठलेल्या द्रवावर आलें, हा येथें झालेला महत्त्वाचा पालट होय. पुढें शासेन्याक यानें १८५९ च्या ग्रंथांत रबराच्या नळीनें पू वाहता ठेवण्याची पद्धति विस्तारानें मांडली. १८६७ त लिस्टरनें कार्बोलिक आम्लाची पद्धति प्रसिद्ध केली व जखमेंतील कुजण्याकडे पाहण्याची दृष्टि बदलली. ऑगस्ट बीअर या जर्मन वैद्यानें १९०३ सालीं रक्तसंचय हाच उपचार होय असें प्रतिपादणारा ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या संप्रदायांत कांचेच्या शोषणपेल्यांचा बराच वापर झाला. ही तुंबडीचीच सुधारलेली आवृत्ति. पण ती गळवांवर, उघड्या पोटावर नव्हे. १९५४ त फ्रान्समध्यें रेडों यानें हवा काढलेल्या बाटलीस नळी जोडून शिवलेल्या जखमेच्या आंतील द्रव ओढून घेण्याची युक्ति काढली.

दुसरा एक धागा आच्छादनाचा आहे. १९६२ त लंडन येथें जॉर्ज विंटर यानें डुकरांच्या जखमांवर प्रयोग करून, पातळ पापुद्र्याखालीं ओलसर राहिलेली जखम उघड्यावर सुकणाऱ्या जखमेहून लवकर त्वचा धरते असें दाखविलें. शोषणास हवाबंद आच्छादन लागतें. तें पुढें याच जातीच्या पापुद्र्यांनीं पुरविलें.

(६) पोट बुद्ध्या उघडें ठेवणें

आतां खरा नवा विचार कोठें आला तें पाहूं. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीं, १९४० सालीं, हेनेज ऑगिल्वी या इंग्रज शस्त्रवैद्यानें युद्धांतील पोटाच्या जखमांविषयीं लिहितांना असें सुचविलें कीं, पोट ताणून शिवण्याऐवजीं व्हॅसलिनांत भिजविलेलें हलकें कॅन्व्हस किंवा जाड सुती कापड कडांस टांके घालून तात्पुरतें बसवावें. 'आंत घाला व शिवा' या पुरातन नियमास येथें उघड अपवाद केला गेला. १९८४ त कोलंबियांतील बोगोटा येथें ओस्वाल्डो बोर्राएझ यानें शिरेंतून देण्याच्या द्रवाची प्लॅस्टिकची पिशवी फाडून तीच उघड्या पोटावर शिवली. 'बोगोटा पिशवी' या नांवानें ती जगभर गेली. त्याच वर्षीं क्रॉन व त्याचे सहकारी यांनीं पोटांतील दाब मोजून त्यावरून पोट पुन्हां उघडावें कीं नाहीं हें ठरविण्याची रीत प्रसिद्ध केली. आज हा दाब २० मिलिमीटर पाऱ्याच्या वर टिकून राहिला व एखादें इंद्रिय नव्यानें निकामी होऊं लागलें, तर तो जीवघेणा मानतात. १९९३ त रोटोंडो व सहकारी यांनीं, मरणोन्मुख जखमीवर फक्त रक्तस्राव व मळाची गळती थांबविण्यापुरतेंच काम करून बाकीचें पुढील बैठकीवर टाकावें, हा क्रम मांडला.

यानें पोट उघडें ठेवणें शास्त्रमान्य झालें. पण एक नवें संकट उभें राहिलें. कापड किंवा पिशवी आंतडीं झांकते, परंतु खालचा द्रव तुंबतो, वर झिरपतो, त्वचा सडवितो. आणि जखमेच्या कडा दिवसेंदिवस दूर सरत जातात.

(७) दोन धाग्यांची गांठ

ही गांठ १९८० नंतरच्या वीस वर्षांत पडली. १९८६ त जोहान्सबर्ग येथें शाइन व सहकारी यांनीं जाळी, शोषणनळ्या व वर चिकटता पापुद्रा अशी थरांची रचना उघड्या पोटासाठीं वर्णिली. त्याच सुमारास सोव्हिएट रशियांत डाविडोव्ह प्रभृतींनीं पूययुक्त विकारांत शोषणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. १९८९ त अमेरिकेंत चॅरिकर व सहकारी यांनीं शस्त्रक्रियेच्या जखमेंत आंतड्याचा मळ येऊं लागल्यास गॉज, नळी व पापुद्रा यांनीं बंद शोषण कसें करावें तें लिहिलें. १९९३ त जर्मनींत फ्लाइशमान यानें उघड्या अस्थिभंगावर स्पंज व शोषण वापरलें. १९९५ त टेनेसी संस्थानांतील चॅटनूगा येथून बार्कर व सहकारी यांची रचना प्रसिद्ध झाली: आंतड्यांवर भोंकें पाडलेलें पॉलिथीन, वर ओलीं फडकीं, दोन नळ्या, वर चिकटता पापुद्रा, व भिंतींतील शोषणास जोड. २००० सालीं त्यांनीं ११२ रोग्यांचा अनुभव मांडला. ही रचना कोणत्याही मोठ्या रुग्णालयांतील सामानांतून उभी राहते, हें तिचें विशेष.

१९९७ त उत्तर कॅरोलिनांतील विन्स्टन-सेलम येथील अर्जेंटा व मॉरिक्वस यांचे लेख निघाले. डुकरांच्या जखमांवर १२५ मिलिमीटरच्या शोषणानें रक्तप्रवाह मूळच्या चौपट झाला; मांसांकुरांची वाढ सतत शोषणानें सुमारें ६३ टक्के व थांबून थांबून केलेल्या शोषणानें सुमारें १०३ टक्के अधिक आढळली. मनुष्यांच्या ३०० जखमांपैकीं २९६ जखमांनीं चांगला प्रतिसाद दिला. या लेखांनीं उपचारास प्रयोगाचें अधिष्ठान व मापाचा आंकडा दिला, म्हणून बहुतेक लोक इतिहास येथूनच आरंभितात. वरील कालानुक्रम पाहतां तें बरोबर नाहीं. उघड्या पोटासाठीं निर्णायक वस्तु स्पंज नव्हे व यंत्रही नव्हे. ती आंतडें व शोषण यांच्या मधला न चिकटणारा पडदा होय, आणि तो १९९७ पूर्वींच वापरांत आला होता.

(८) साक्षींची छाननी

या उपचाराचें मोठें भय हें कीं, उघड्या आंतड्यास भोंक पडून मळ थेट जखमेंत येऊं लागतो. असें झालें म्हणजे पोट बंद होत नाहीं, पू आटत नाहीं, आणि रोगी महिनोन्महिने झिजतो. शोषण या संकटास कारण होतें काय? २००७ सालीं लीड्स येथील राव व सहकारी यांनीं २९ रोग्यांपैकीं ६ जणांस नवें भोंक पडल्याचें नमूद करून सावधगिरीचा इशारा दिला. २०१३ सालीं कार्लसन व सहकारी यांची ब्रिटनमधील पाहणी प्रसिद्ध झाली. १०५ रुग्णालयांतील ५७८ उघड्या पोटांपैकीं बहुसंख्यांवर शोषणोपचार झाला होता, आणि त्यानें भोंकें किंवा मृत्यु वाढल्याचें दिसलें नाहीं.

दोन बखरी परस्परविरुद्ध बोलूं लागल्या म्हणजे आपण एक खरी व दुसरी खोटी असा निवाडा करीत नाहीं. लिहिणारा कोठें उभा होता तें पाहतों. येथेंही तेंच करावें. एक साक्ष एका ठिकाणच्या थोड्या रोग्यांची. दुसरी देशभरची, पण निरनिराळ्या हातांची व निरनिराळ्या रचनांची. पहिलीवरून धोका संभवतो हें कळतें. दुसरीवरून तो उपचारास अटळपणें चिकटलेला नाहीं हें कळतें. दोन्ही एकत्र वाचल्यास निघणारा अर्थ शस्त्रवैद्यांच्या नित्य नियमाशीं जुळतो: स्पंज आंतड्यास कधींही उघडा लागतां कामा नये.

शोषणानें जंतु नाहींसे होतात, या समजुतीचीही अशीच गति झाली. डुकरांच्या जखमांत जंतुसंख्या घटली होती. पण २००४ त हॉलंडांतील मूएस व सहकारी यांनीं मनुष्यांच्या जखमा तपासल्या तेव्हां एकूण संख्या घटलेली दिसली नाहीं. कांहीं जाति कमी झाल्या व एक जाति वाढली. जखम मात्र सुधारली. म्हणून पूययुक्त पोटांत शोषण हें शोधनाचें साहाय्यक आहे, पर्याय नव्हे. २००९ सालीं अमेरिकेच्या औषधनियंत्रक खात्यानें अशा यंत्रांसंबंधीं ६ मृत्यु व ७७ इजा यांची नोंद करून इशारा दिला. त्यांतील सर्वांत गंभीर उपद्रव रक्तस्राव हा होता. २०१५ त कॅल्गरी येथें ४५ रोग्यांवर दोन रचनांची तुलना झाली. तयार यंत्ररचनेच्या गटांत ९० दिवसांतील मृत्यु कमी आढळले, पण पोटांतील दाहकारक द्रव्यें अधिक ओढलीं गेलीं म्हणून हें घडलें, असें मोजमापांवरून सिद्ध झालें नाहीं. कार्य दिसतें, कारण निसटतें. ही स्थिति इतिहासाभ्यासकास अपरिचित नाहीं.

(९) निष्कर्ष

सारांश असा. तुंबडी व आजचें शोषणयंत्र यांत तत्त्वाचें साम्य आहे. पण एकापासून दुसरें निघालें असें दाखविणारी साखळी वरील साधनांत नाहीं. पोट मुद्दाम उघडें ठेवणें हा विसाव्या शतकाचा विचार आहे, व त्याचें श्रेय प्राचीनांस देणें म्हणजे त्यांनीं खरोखर दिलेला 'आंत घाला व शिवा' हा स्पष्ट नियम पुसून टाकणें होय. याच्या उलट, ज्या ठिकाणीं प्राचीनांचें खरें ऋण मानावयाचें तें यंत्राच्या पेटींत नसून हाताच्या शिस्तींत आहे. आंतडें सुकूं देऊं नये. त्यास बोचणारें कांहीं लागूं देऊं नये, मग तें वैद्याचें नख असो वा आजचा खरबरीत स्पंज. आणि आधीं शोधन, मग रोपण. हा क्रम चुकला तर दूधतुपानें जो रोगी वांचला नसता, तो यंत्रानेंही वांचत नाहीं.

पोथीसंग्राहकांस आमची एक विनंति आहे. जुन्या घराण्यांतील वैद्यकीच्या बाडांत तुंबडी, शिंग, जळवा, पोटाची जखम, नळीनें पाणी काढणें असे उल्लेख आले तर तीं पानें 'किरकोळ औषधें' या सदराखालीं टाकूं नयेत. साधन कशाचें, माप काय, शरीराच्या कोणत्या भागावर, किती वेळ व कोणाच्या हातून, एवढ्या पांच बाबी पानांकासह टिपाव्या. मजकूर जसा आहे तसा उतरावा. आणि त्यावर आजच्या यंत्राचें नांव लिहूं नये. शब्द जुना ठेवला तर त्याचा अर्थ पुढील अभ्यासक लावील. शब्दच बदलला तर त्याच्यापुढें पोथी न राहतां आपलें मत तेवढें राहील.